समोरच्या काचेतून येणारं ऊन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात गाडीच्या एसीवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं की गॅस, कंप्रेसर, कूलिंग कॉइल असलेच प्रश्न येतील. पण निम्म्याहून जास्त पत्रं निघाली ती समोरच्या काचेची. उष्णता परत फेकणारी फिल्म, कोटिंग, सिरॅमिक, नॅनो, काय काय नावं आहेत. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

अकोल्याहून एक वाचक लिहितात : नमस्कार सर, माझी टुरिस्टची गाडी आहे, अकोला-नागपूर, शेगाव, कधी पुणे असं रोजच चालू असते. मे महिन्यात एसी फुल केला तरी समोरून भट्टीसारखं लागते, पाठ थंड अन् छाती गरम. इथला एक दुकानदार ट्रान्सपरंट फिल्म दाखवून राहिला, म्हणते ९९ टक्के गरमी अडवते. त्यानं लाल दिवा लावून मले हात धरायला लावला, आधी साध्या काचेमागं अन् मग फिल्मवाल्या काचेमागं. फरक एवढा होता की मी चाटच पडलो. लावू का?

उत्तर : दादा, तुमच्या हाताला जो फरक कळला तो खरा आहे, त्यात काही फसवणूक नाही, पण तो दिवा म्हणजे सूर्य नाही आणि सगळी गोम तिथंच आहे. उन्हातून जी शक्ती येते तिचे तीन वाटे पडतात. १०० भाग धरले तर साधारण ५ भाग अतिनील म्हणजे यूव्ही, ४३ च्या आसपास डोळ्याला दिसणारा उजेड आणि उरलेले ५२ इन्फ्रारेड, जे दिसत नाही पण अंगाला लागतं. दुकानातला तो लाल दिवा जवळजवळ सगळा इन्फ्रारेडच फेकतो, आणि फिल्म नेमकं तेच अडवायला बनवलेली असते, मग फरक मोठा दिसणारच ना. त्यातही बरेचदा ९९ चा आकडा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यातला असतो, सगळ्या ५२ भागांचा नसतो.

आता हा हिशोब तुम्ही स्वतःच करून बघा, कुणाला विचारायची गरज नाही. कायद्यानं समोरच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. उजेड म्हणजेसुद्धा उष्णताच, काळ्या डॅशबोर्डवर पडला की त्याची गरमीच होते. ४३ चे ७० टक्के म्हणजे ३० झाले. म्हणजे फिल्मनं इन्फ्रारेड आणि यूव्ही अगदी शून्यावर आणलं, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी १०० पैकी ३० भाग आत येणारच. कायद्यात बसणारी कुठलीही काच ७० च्या वर उष्णता अडवूच शकत नाही, मग ९९ आले कुठून? चांगल्यातली चांगली कंपनीची कोटेड विंडशील्ड साधारण निम्मी उष्णता अडवते असं धरून चाला, आणि तुमची आत्ताची साधी हिरवट काचही त्यातली बरीचशी आधीच अडवतेय, कारण त्या हिरवट रंगामागचं लोखंड इन्फ्रारेड शोषतं. म्हणून दुकानदाराला एकच आकडा विचारा, टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती अडवली. फिल्मच्या कंपनीच्या कागदावर तो छापलेला असतो. ज्याला तो आकडा माहीत नाही किंवा जो दरवेळी फिरून दिव्याकडेच येतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

एक मात्र मानायला हवं, छातीवर आणि मांडीवर थेट लागणारं जे ऊन आहे ना, ते सहन होण्यात या फिल्मनं फरक पडतो, आणि दिवसाला आठ-दहा तास स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाची ती तक्रार लहान नाही. दुपारी नागपूरहून पश्चिमेला निघालं की सूर्य चार-पाच तास नुसता समोर असतो, मी त्या रस्त्यानं मे महिन्यात गेलोय, कळतं मला. पण समोरच्या काचेवर फिल्म लावा असं मी तरी तुम्हाला सांगणार नाही. का ते पुढच्या उत्तरात आलंय.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक : सगळीकडे वेगवेगळं ऐकतोय. कुणी म्हणतं फिल्मवर बंदी आहे, कुणी म्हणतं केरळात कोर्टानं परवानगी दिली, आता सगळीकडे चालते. नक्की काय?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणूनच गोंधळ झालाय. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरची आणि मागची काच किमान ७० टक्के उजेड आत सोडणारी हवी आणि बाजूच्या काचा किमान ५० टक्के. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टानं असं सांगितलं की काच कंपनीतूनच तेवढी टिंट होऊन आली असेल तर ठीक, पण वरून कुठलीही फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही पारदर्शक असो. त्यानंतर नाक्यानाक्यावर पोलिसांनी फिल्मा ओरबाडून काढल्या ते आठवत असेलच. पुढे नियमच बदलला, १ एप्रिल २०२१ पासून काचेसोबत 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द त्यात आला, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर दिलेली काचही त्यात बसते, आणि त्याच आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं म्हटलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळली असेल तर फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

पण तो निकाल केरळचा आहे. आपल्याकडे हायवेवर उन्हात उभा असलेला हवालदार २०१२ चंच धरून चालणार, आणि तुम्ही गाडीत पॅसेंजर बसवून त्याच्याशी नियमाच्या शब्दावर वाद घालणार का? धंद्याच्या गाडीला तर हे अजिबात परवडत नाही.

शिवाय कोर्ट जरा बाजूला ठेवलं तरी गणित आड येतं. फिल्मवर ९० टक्के उजेड सोडते असं लिहिलं असेल तर तो आकडा एकट्या फिल्मचा असतो. तुमची काच स्वतःच ७७-७८ टक्के उजेड सोडत असेल तर दोन्ही मिळून ७८ गुणिले ०.९०, जेमतेम ७० भरतात, आणि फिल्म ८८ ची निघाली तर ६८ वर आलात, म्हणजे केरळच्या निकालातही बसत नाही. पोलिसांचं मीटर काच आणि फिल्म दोन्ही एकत्रच मोजतं. बाजूच्या काचांना ५० ची मर्यादा असल्यामुळे तिथं थोडी जागा आहे, पण माझ्या मते समोर काही चिकटवू नका. रात्री पावसात, समोरून लाईट मारत ट्रक येतोय, अशा वेळी काचेवरचा एकेक टक्का मोलाचा असतो.

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न : समृद्धीवर ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि समोरची काच तडकली. इन्शुरन्समधून गॅरेजवाल्यानं नवी बसवून दिली. तेव्हापासून गाडी जास्त तापते असं मला वाटतं. मिस्टर म्हणतात तुझा भास आहे, काच ती काच. पण मी रोज तीच गाडी चालवते हो!

उत्तर : ताई, भास नसावा. काच ती काच हे खरं नाही.

समोरची काच एक नसते, दोन काचा असतात आणि मध्ये पीव्हीबी नावाचा चिवट प्लास्टिकचा पापुद्रा असतो, मिलिमीटरपेक्षा थोडा कमी जाडीचा. म्हणून दगड लागला तरी ती तुमच्या अंगावर सांडली नाही. आता या सँडविचमध्ये उष्णता अडवायची सोय तीन तऱ्हेनं करतात. पहिली म्हणजे काचेतच लोखंडाचं प्रमाण जरा जास्त, ती हिरवट दिसते. दुसरी, मधल्या पीव्हीबीमध्ये अगदी बारीक धातूच्या ऑक्साईडचे कण मिसळायचे जे इन्फ्रारेड शोषून घेतात. आणि तिसरी, जी खरी परत फेकणारी, तिच्यात काचेच्या आतल्या बाजूवर चक्क चांदीचा थर असतो. हो, चांदीच! पण इतका पातळ की आरपार दिसतं, एकेक थर साधारण १० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातला एक. असे दोन-तीन थर, त्यांच्या मध्ये दुसऱ्या पदार्थांचे थर, जाड्या अशा जुळवलेल्या की उजेड आत जावा आणि इन्फ्रारेड मागे फिरावं. हे काम निर्वात केलेल्या चेंबरमध्ये होतं, आणि चांदी हवेला लागली की खराब होते म्हणून ती दोन काचांच्या पोटात बंद ठेवावी लागते.

शोषणारी आणि परत फेकणारी यातला फरक असा की शोषणारी काच स्वतः तापते. गाडी पळत असताना वारा तिची बरीच उष्णता बाहेरच्या बाहेर नेतो, पण उभ्या गाडीत तीच काच तव्यासारखी आतही उष्णता सोडते. परत फेकणारीला तो त्रास कमी.

तर तुमची मूळची काच या तिघांपैकी कुठलीतरी चांगली असणार आणि बदलून आलेली साधी असणार, असं होऊ शकतं, कारण एकाच मॉडेलच्या महागड्या आणि स्वस्त व्हेरिएंटला कधी कधी वेगळी काच असते आणि बाहेर मिळणारी तर आणखी वेगळी. काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का बघा, कंपनीचं नाव, आयएसआयची खूण आणि काचेचा प्रकार तिथं असतो. तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच व्हेरिएंटची दुसरी गाडी ओळखीत असेल तर दोघींचे शिक्के शेजारी ठेवून फोटो काढा. आणि तिरप्या कोनातून बघा, चांदीवाल्या काचेत आभाळाचं प्रतिबिंब किंचित जांभळट किंवा सोनेरी दिसतं.

घरच्या घरी एक गंमतही करता येते. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो. कुणालातरी रिमोट घेऊन बाहेर बॉनेटपाशी उभं करा, बटण दाबून धरायला सांगा आणि आतून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, रिमोटच्या टोकाचा दिवा चमकताना दिसेल, बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात तो जास्त चांगला दिसतो. मग तेच अर्धी काच खाली करून बाजूच्या खिडकीतून मोकळं बघा. समोरच्या काचेतून दिवा जवळजवळ विझल्यासारखा दिसला तर काच इन्फ्रारेड अडवतेय, फारसा फरक नसेल तर साधी आहे. आकडा नाही मिळणार, पण मिस्टरांना दाखवायला पुरेसं आहे.

आणि क्लेम करतानाच लेखी मागायला हवं होतं, आता पुढच्या वेळी तरी मागा, सगळ्याच वाचकांनी मागा, की माझ्या व्हेरिएंटला कारखान्यातून जी काच आली तीच हवी. गाडीत आरशामागे कॅमेरा असेल, लेन सांगणारा, ब्रेक लावणारा, तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन झालं का हेही विचारा, ते राहिलं तर गाडीला रस्ता चुकीचा दिसतो आणि ते उष्णतेपेक्षा कितीतरी वाईट.

कॅलिफोर्नियातून एक वाचक लिहितात : मी मूळचा सांगलीचा, बे एरियात राहतो. इथं इतकं ऊन, पर्यावरणाचे इतके नियम, मग अशा काचा सक्तीच्या का नाहीत? आणि भावानं पुण्यात बाहेरून आलेली एक गाडी घेतलीय, तिचा फास्टॅग टोलला वाचतच नाही, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न एकाच धाग्याचे आहेत. कॅलिफोर्नियानं सक्ती करायचा प्रयत्न केला होता हो! तिथल्या हवा-प्रदूषण मंडळानं जून २००९ मध्ये 'कूल कार्स' नावाचा नियम मंजूर केला, विचार असा की काचेतून उष्णता कमी आली तर एसी कमी लागेल, पेट्रोल कमी जळेल. २०१२ च्या गाड्यांपासून तो टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचा होता. मग आक्षेप आले की धातूचा थर असलेल्या काचा मोबाईल, जीपीएस यांचे सिग्नल अडवतील, संकटात फोन लागला नाही तर काय, आणि मार्च २०१० मध्ये मंडळानं तो नियम मागे घेतला.

आक्षेप हवेतला नव्हता. चांदी हा धातू आहे, आणि धातूचा सलग पत्रा, मग तो कितीही पातळ असो, रेडिओलहरी अडवतो. आपला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर बोलतो, त्यालाही अडथळा होतो. म्हणून कंपन्या अशा काचेत एक छोटी खिडकी बिनकोटिंगची सोडतात, बहुतेक आरशाच्या मागे किंवा शेजारी, बरेचदा तिथं काळ्या ठिपक्यांची जाळी असते. भावाला म्हणावं गाडीचं मॅन्युअल काढ, टोलचा टॅग कुठं लावायचा याचं चित्र त्यात असतं, तिथं नवा टॅग लाव. जुना ओढून काढून दुसरीकडे चिकटवला तर तो बिघडतो, त्या फंदात पडू नको. सिरॅमिकच्या किंवा दुसऱ्या बिनधातूच्या फिल्मनं असा त्रास होत नाही. ३एमची क्रिस्टलाईन नावाची एक फिल्म आहे, तिच्यात धातू मुळीच नाही, २०० हून जास्त प्लास्टिकचे थर एकावर एक बसवून ती उष्णता परत फेकते. म्हणजे धातूशिवाय हे जमतं, फक्त महाग पडतं.

पनवेलहून : सिग्नलला नॅनो स्प्रे विकतात, काचेवर मारला की उष्णता परावर्तित होते म्हणे. खरं का?

उत्तर : नाही. तो पावसाचं पाणी घरंगळून जाण्याचा स्प्रे असतो, त्यासाठी चांगला. उष्णता अडवायला थरांची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजून बसवावी लागते, ते फडक्यानं पुसून होत नाही.

सोलापूरचे एक एमआर वाचक : रोज दोनशे किलोमीटर गाडी चालवतो, काचा बंद, एसी चालू. तरी उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन शेड काळा झालाय. बायको म्हणते समोरच्या काचेला कोटिंग करा.

उत्तर : वहिनींचं निदान बरोबर आहे, ऊनच आहे, फक्त काच चुकली. समोरच्या काचेतला तो पीव्हीबीचा पापुद्रा यूव्ही जवळजवळ पूर्ण अडवतो, कोटिंग असो नसो. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी टफन्ड असतात, पापुद्रा नाही, त्यामुळे यूव्हीए, जे कातडी काळवंडतं, ते बरंच आत येतं. २०१६ साली अमेरिकेत १५ कंपन्यांच्या २९ गाड्या मोजल्या होत्या, समोरची काच सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होती आणि ड्रायव्हरच्या बाजूची सरासरी ७१, त्यातही एखादी तर फक्त ४४. आणि गाडी महाग म्हणून बाजूची काच चांगली असंही निघालं नाही. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे, म्हणून तुमचा उजवा हात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, नाहीतर बाईकवाले घालतात तसल्या बाह्या, आणि चेहऱ्याच्या उजव्या बाजूलाही सनस्क्रीन लावा, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. डाग वाढत असतील, खडबडीत होत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच, तुमची तर रोज ये-जा असते त्यांच्याकडे.

नागपूरहून एक आई लिहितात : मुलीला शाळेतून आणायला दुपारी गाडी काढते, बिल्डिंगच्या बाहेर उन्हातच उभी असते. परवा सीटबेल्टच्या बकलनं तिच्या मांडीला चटका बसला, लाल झालं. कोटिंगवाली काच बसवली तर हे थांबेल का? खर्च करायची तयारी आहे.

उत्तर : ताई, नाही थांबणार, आणि तो खर्च करू नका. चांगली काच चालत्या गाडीत एसीला मदत करते, पण तास-दोन तास उन्हात उभ्या गाडीत उष्णता फक्त जमत जाते. उजेड आणि इन्फ्रारेड काचेतून आत येतं, डॅशबोर्ड तापतो, आणि तापलेल्या डॅशबोर्डमधून जी उष्णता निघते ती लांब लहरींची, तिला काच बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेत ॲरिझोनाला, तिथला उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच, २०१८ मध्ये हे मोजलंय. एक तास उन्हात उभ्या गाडीत हवा सरासरी ४७ अंशाला गेली, स्टिअरिंग ५३, सीट ५१ आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. बघा, नुसत्या सावलीनं डॅशबोर्डला २१ अंशांचा फरक पडला, एवढा फरक कुठली काच देणार?

म्हणून कडुलिंबाची सावली मिळाली तर दोन मिनिटं जास्त चाला पण गाडी तिथं लावा. नाही मिळाली तर चंदेरी सनशेड घ्या, घडीचा मिळतो, चंदेरी बाजू बाहेर करून समोरच्या काचेला आतून पूर्ण टेकवून लावायचा, कडेनं फट नको. तो ऊन डॅशबोर्डपर्यंत पोचू न देता आल्या वाटेनं परत पाठवतो, म्हणजे उष्णता व्हायच्या आधीच. मागच्या सीटजवळच्या खिडक्यांना जाळीचे पडदे गाडी उभी असताना लावा, चालवताना काढा. पुढे कधी नवी गाडी घेतलीत तर पांढरी किंवा चंदेरी घ्या, काळी आणि चंदेरी एकाच मॉडेलच्या गाड्या शेजारी उन्हात ठेवून बघितल्या होत्या तेव्हा चंदेरीच्या आतली हवा ५-६ अंशांनी कमी तापली होती. काचा बोटभर खाली ठेवून मात्र फारसं काही होत नाही, तेही मोजून झालंय, त्यावर विसंबू नका. आणि मुलीला 'एकच मिनिट' म्हणूनसुद्धा बंद गाडीत ठेवू नका. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं, हे मी दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी लिहिणार.

बकलवर जुना पांढरा रुमाल टाकून ठेवत जा, निघताना आधी स्वतः हात लावून बघा. गाडी काढताना चारही काचा खाली करून थोडं अंतर चला, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा वर करून एसी आतल्या हवेवर लावा, लवकर गार होतं. तापलेल्या समोरच्या काचेवर गार पाणी ओतू नका, आणि एसीचा झोत लगेच काचेवर सोडू नका, एखादा दगडाचा बारीक टवका आधीच पडलेला असेल तर त्याची चीर तिथल्या तिथे वाढत जाते. तसा टवका असेल तर छोटा असतानाच रेझिन भरून घ्या, बरेचदा काच बदलायची वेळ येत नाही.